खडकवासल्याच्या पाणलोटाला स्वतःचे प्राधिकरण हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सरत आला की कालवा सल्लागार समितीच्या बैठकीची बातमी आपल्या वृत्तपत्रात ठळकपणे येते. पुण्याला किती टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी, दौंड-इंदापूरला कालव्याची किती आवर्तने (पाणी सोडण्याच्या पाळ्या), उन्हाळ्यासाठी किती राखीव, या आकड्यांवर पालकमंत्री, लोकप्रतिनिधी आणि अधिकारी तासन्‌तास चर्चा करतात आणि ते योग्यच आहे, कारण शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याचे पीक त्या आकड्यावर उभे असते. मी ही बातमी वर्षानुवर्षे नेमाने वाचते आणि दर वेळी एका प्रश्नाची वाट पाहते. धरणात येणारे हे पाणी कोणकोणत्या ओढ्यांतून, कोणत्या गावांच्या शिवारातून, कशाकशाला शिवून येते आणि त्या वाटेची राखण कोणावर सोपवलेली आहे, हा तो प्रश्न. तो त्या बैठकीत विचारला गेल्याचे मला अद्याप वाचायला मिळालेले नाही, म्हणून हे पत्र.

बहुतेक पुणेकर पितात ते पाणी चार धरणांच्या साखळीतून येते. आंबी नदीवरचे पानशेत (१०.६५ टीएमसी), मोसी नदीवरचे वरसगाव (१२.८२ टीएमसी), मुठेवरचे टेमघर (३.७१ टीएमसी) आणि सर्वांच्या खाली खडकवासला (१.९७ टीएमसी) अशी मिळून ही साठवण २९.१५ टीएमसी होते. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. या साखळीतले सर्वांत लहान धरण खडकवासला असले, तरी वरच्या तिन्ही धरणांतून सोडलेले पाणी त्याच्यातूनच पुढे जाते. त्यामुळे वरच्या खोऱ्यांत पाणी कितीही निर्मळ असले, तरी खडकवासल्याच्या काठावर त्याचे जे होईल तेच अखेरीस आपल्या नळाला येते. नेमके याच धरणाचे काठ शहराला सर्वांत जवळ आहेत. सिंहगडाच्या पायथ्याचे डोणजे, गोऱ्हे बुद्रुक, गोऱ्हे खुर्द, खानापूर, मालखेड, पलीकडच्या काठावरचे कुडजे, मांडवी, सांगरूण ही गावे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी भातखाचरांची गावे होती. आज त्या रस्त्याने रविवारी संध्याकाळी परतून पाहावे. गाड्यांची रांग धरणाच्या भिंतीपर्यंत लागलेली असते आणि दोन्ही बाजूंना हॉटेले, कृषी पर्यटन केंद्रे, फार्महाऊस, मंगल कार्यालये आणि एनए प्लॉटच्या पाट्या दिसतात.

माझे आजोळ आंबी खोऱ्यातले. आजोबांची भातजमीन पानशेतच्या पाण्याखाली गेली. गेल्या मे महिन्यात भाच्याबरोबर तिकडे निघाले असताना एका वळणावर गाडी थांबवली. तिथे ओढ्यावर छोटा पूल आहे. लहानपणी एसटी थांबली की आम्ही भावंडे या ओढ्यात उतरून पाय धूत असू. ऐन उन्हाळ्यातही खडकांच्या सावलीला डबकी टिकून असत आणि त्यांत बोटभर लांबीचे मासे पळत. या वेळी पुलावरून वाकून पाहिले, तर चार इंची पीव्हीसी पाइप दोन दगडांखाली अर्धवट दडवलेला होता आणि त्याच्या तोंडातून राखाडी, तेलकट तवंगाचे पाणी संथपणे बाहेर येत होते. त्यात भाताची शिते होती, लिंबाच्या फोडी होत्या, साबणाचा फेस होता. ओढ्याचा तळ काळ्या, बुळबुळीत थराने झाकलेला होता, आणि काठीने तो थर हलवला की बुडबुडे येऊन कुजल्या अंड्यासारखा वास सुटत होता. मे महिन्यात जो ओढा आटायला हवा तो वाहत होता, तो केवळ त्या पाइपाच्या जिवावर. तिथून धरणाचे पाणी हाकेच्या अंतरावर चमकत होते, आणि काठावर जलपर्णीचा हिरवा पट्टा दाट माजलेला होता.

पाइपाचा माग काढला तेव्हा तो वरच्या एका नव्या हॉटेलाच्या मुदपाकखान्यामागे निघाला. तिथला व्यवस्थापक माणूस वाईट नव्हता. त्याने सांगितले की सेप्टिक टाकी बांधली आहे, पण शनिवार-रविवारच्या गर्दीत ती भरून वाहते. उपसा करणारा मैल्याचा टँकर पुण्याहून बोलवावा लागतो, तो इतक्या लांब यायला तयार नसतो, आणि आलाच तर उपसलेला मैला कुठे नेऊन ओततो हे कोणी विचारत नाही. हे ऐकल्यावर त्या एका माणसावर राग धरून भागणार नाही, हे माझ्या लक्षात आले. त्याला परवाना देणारे कोणीतरी होते, पण त्याच्या सांडपाण्याची सोय करणे हे कोणाचेच काम नव्हते.

तरीही मी अर्ज केला. पहिल्या कार्यालयाने सांगितले की त्यांची हद्द धरणाच्या पूर्ण संचय पातळीपर्यंत, ओढा त्यांचा नाही. दुसऱ्या कार्यालयाने कळवले की बांधकामाची परवानगी त्यांच्याकडे असली तरी प्रदूषणाचा विषय त्यांच्याकडे नाही. तिसऱ्या ठिकाणी माझा अर्ज ‘उचित कार्यवाहीस्तव’ चौथ्याकडे अग्रेषित झाला, आणि चौथ्या कार्यालयाचे पत्र आले की ‘सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही’. ही पत्रे लिहिणारे कारकून किंवा अधिकारी यांच्यापैकी कोणी खोटे बोलले असे मला म्हणायचे नाही. कायद्याच्या अक्षराने पाहिले तर प्रत्येकाचे म्हणणे कदाचित बरोबरही असेल, आणि म्हणूनच ही गोष्ट अधिक काळजीची आहे.

खडकवासला साखळीचे पाणलोट क्षेत्र हवेली, मुळशी आणि वेल्हे (आता राजगड) अशा तीन तालुक्यांत पसरले आहे. धरण आणि बुडीत क्षेत्र जलसंपदा विभागाचे, डोंगरउतारावरचे जंगल वन विभागाचे, गावाची स्वच्छता ग्रामपंचायतीची आणि जिल्हा परिषदेची, बांधकाम व नियोजन २०१५ साली स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे, संमतीपत्र लागणाऱ्या व्यवसायांवर देखरेख प्रदूषण नियंत्रण मंडळाची, तर पाणी उचलून शुद्ध करून वाटायचे काम महापालिकेचे. खुद्द खडकवासला गाव २०२१ मध्ये इतर बावीस गावांबरोबर महापालिकेत आले, पण त्याच्या वरच्या अंगाची बहुतेक गावे अजून ग्रामपंचायतीच आहेत. पाणी मात्र सह्याद्रीच्या धारेपासून खाली येताना यातली एकही हद्द ओळखत नाही. इतक्या यंत्रणांपैकी एकीच्याही कामाच्या यादीत ‘या पाणलोटातून येणारे पाणी पिण्यायोग्य ठेवणे’ हे वाक्य पहिल्या ओळीवर नाही. ते ज्याच्या यादीत पहिले असेल अशी एक स्थानिक, सार्वजनिक आणि जबाबदार संस्था हवी, एवढीच माझी मागणी आहे.

यावर नेहमीचे उत्तर असे की शुद्धीकरण केंद्रे आहेतच की. मी पस्तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. पर्वतीच्या जलकेंद्रात मुलांच्या सहली नेल्या, तुरटीने गाळ कसा गोळा होऊन खाली बसतो आणि वाळूच्या थरातून पाणी कसे निथळते हे त्यांना हौसेने दाखवले. त्या केंद्रांबद्दल आणि तिथे रात्रपाळी करणाऱ्या माणसांबद्दल मला आदर आहे. पण तुरटी, वाळू आणि क्लोरीन ही त्रयी मुख्यतः गढूळपणा आणि जंतू यांच्यासाठी आहे. पाण्यात विरघळलेले नायट्रेट, शेतातून आलेली कीटकनाशके, कारखानी रसायने यांच्यातले बरेच काही या पद्धतीने सुटत नाही. सेंद्रिय घाण जितकी जास्त तितके क्लोरीन जास्त लागते, आणि त्या दोघांच्या संयोगातून ट्रायहॅलोमीथेनसारखी संयुगे तयार होतात, जी आरोग्याला चांगली नाहीत. सांडपाण्यातल्या फॉस्फरस-नायट्रोजनवर जलपर्णी आणि शेवाळ पोसतात. ते कुजले की पाण्यातला प्राणवायू घटतो आणि पाण्याला वास लागतो. डोंगर फोडून केलेल्या प्लॉटची सुटी माती पहिल्याच मोठ्या पावसात धरणात उतरते. ती साठवण कायमची कमी करते आणि जुलैत आपल्या नळाला गढूळ पाणी आणते. वर घाण मिसळू द्यायची आणि खाली खर्च करून ती काढत बसायची, हा व्यवहार कोणत्याही गृहिणीला पटणार नाही.

आणि केंद्रापर्यंत न पोहोचणारे पाणीही आहेच. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गुइलेन-बॅरे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे रुग्ण आढळू लागले, तपासणीत काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला आणि बोट पिण्याच्या पाण्याकडे वळले. आम्ही याच रस्त्यावर राहतो. त्या दिवसांत आमच्या इमारतीत लहान मुलाच्या पायाला मुंग्या आल्या तरी आईबापाचा जीव वरखाली होत असे आणि घरोघरी पातेल्यांत पाणी उकळत ठेवलेले दिसे. धरणाच्या पायथ्याशी राहणाऱ्या लोकांना पाण्याची भीती वाटावी, हे त्या महिन्यात आम्ही अनुभवले. पुण्याने १२ जुलै १९६१ रोजी पानशेतची भिंत फुटल्यावर काय होते ते पाहिले आहे, आणि तेव्हापासून धरणाच्या भिंतीकडे आपण डोळ्यांत तेल घालून पाहतो. त्याच डोळ्यांनी धरणात उतरणाऱ्या ओढ्यांकडे पाहण्याची सवय आपल्याला अजून लागलेली नाही.

पाणलोट राखणे अशक्य असते असे कोणी म्हणू नये. मुंबईचा विहार तलाव १८६० मध्ये आणि तुळशी १८७९ मध्ये बांधून झाला. दोन्ही तलावांभोवतीचे जंगल राखले गेले, पुढे ते आजच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आले, आणि सभोवती कोट्यवधींची वस्ती वाढूनही या तलावांचे पाणी मुंबई आजही पिते. त्यांच्या शेजारीच १८९१ मध्ये झालेल्या पवई तलावाच्या नशिबी हे आले नाही. त्याचे पाणी सुरुवातीपासूनच पिण्यास फारसे चांगले ठरले नव्हते; पुढे त्याच्या काठावर वस्ती, इमारती आणि सांडपाणी येत गेले, आणि आजही ते पाणी पिण्यासाठी घेतले जात नाही. पाऊस तोच, महापालिका तीच, अंतर काही किलोमीटरचे. काठ कोणाच्या ताब्यात राहतो याने किती फरक पडतो, ते इथे दिसते. खडकवासला आज विहारच्या वाटेवर आहे की पवईच्या, याचे उत्तर कोणीही पानशेत रस्त्याने एक चक्कर मारून स्वतःच द्यावे.

मात्र केवळ बंदीचा फलक लावून पाणलोट वाचत नाही, हेही तितकेच खरे आहे. हैदराबादेत १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर बांधलेल्या उस्मान सागर आणि हिमायत सागर या तलावांच्या रक्षणासाठी १९९६ मध्ये शासन निर्णय क्रमांक १११ निघाला. तलावांभोवती दहा किलोमीटरच्या टापूत, चौऱ्याऐंशी गावांत, प्रदूषणकारी उद्योग, मोठी हॉटेले, निवासी वसाहती यांना त्याने मनाई केली. सर्वोच्च न्यायालयानेही २००० सालच्या निकालात या तलावांच्या बाजूने कौल दिला. पण शहराच्या घशासाठी ज्या गावांच्या जमिनी अडकल्या, त्यांना त्या बदल्यात काय मिळाले, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर कधी दिले गेले नाही. शेजारच्या गावात जमिनीला सोन्याचा भाव आणि आपल्याला घरावर मजला चढवायचीही धास्ती, अशा भावनेतून गावांचा रोष वाढत गेला आणि अखेर २०२२ मध्ये ते निर्बंध उठवण्यात आले. सव्वीस वर्षे टिकलेले संरक्षण एका निर्णयाने गेले. गावे त्या व्यवस्थेची भागीदार असती तर ते इतक्या सहज गेले असते असे मला वाटत नाही.

याउलट उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. त्या शहराचे सुमारे नव्वद टक्के पाणी कॅट्सकिल आणि डेलावेअर या डोंगराळ पाणलोटांतून येते. नव्वदच्या दशकात अब्जावधी डॉलरचे गाळणी केंद्र बांधायचे की पाणलोट जपायचा, असा प्रश्न शहरापुढे उभा राहिला. सुरुवातीला वरच्या गावांनी कडवा विरोध केला. शेवटी १९९७ मध्ये शहर, राज्य आणि पाणलोटातली गावे यांच्यात करार झाला. त्यानुसार शहराच्या पैशातून वरच्या घरांच्या सेप्टिक टाक्या दुरुस्त झाल्या, गावांची सांडपाणी केंद्रे सुधारली, गोठ्यांचे शेण-मूत्र ओढ्यात जाऊ नये यासाठी शेतकऱ्यांना साहाय्य मिळाले, आणि जमीन घेतली ती राजीखुशीने विकणाऱ्याकडूनच. हा पैसा गावांत खर्च करण्यासाठी जी स्थानिक संस्था उभी राहिली, तिच्या संचालक मंडळात बहुसंख्य माणसे पाणलोटातल्या गावांचीच आहेत. आपली परिस्थिती वेगळी आहे हे मान्य. पण पाणी पिणाऱ्याने पाणी राखणाऱ्याला मोबदला द्यावा, हे तत्त्व समजायला परदेशी जायची गरज नाही. गावच्या जागल्याला सुगीत बलुते मिळत असे ते याच न्यायाने.

म्हणून माझी सूचना अशी आहे. चारही धरणांच्या पाणलोटाची हद्द नकाशावर आखून तिच्यासाठी एक पाणलोट संरक्षण प्राधिकरण कायद्याने स्थापन करावे. त्यात निम्म्याहून कमी नाहीत इतक्या जागा पाणलोटातल्या ग्रामपंचायतींच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींना असाव्यात, डोंगरावरच्या धनगर वस्त्यांनाही त्यात आवाज असावा, आणि उरलेल्या जागांवर महापालिका, जलसंपदा, वन आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांची माणसे असावीत. धरणकाठापासून ठरावीक अंतरात कोणतीही बिगरशेती परवानगी, डोंगरफोड किंवा हॉटेल या प्राधिकरणाच्या ना-हरकतीशिवाय होऊ नये. ओढ्यात पाइप सोडलेला दिसला तर तो त्याच आठवड्यात बंद करण्याचा अधिकार त्याला असावा. जल प्रदूषण अधिनियम, १९७४ च्या कलम २४ नुसार प्रवाहात घाण सोडण्यास मनाई आहेच, ती अमलात आणणारा हात जागेवर हवा. आणि परवानगी नाकारण्याच्या आधी त्याने सोय द्यायला हवी. मैला उपसणारे टँकर, तो प्रक्रिया करून जिरवण्याची जागा, गावोगावी लहान सांडपाणी केंद्रे, गोठ्यांसाठी खतखड्डे ही कामे पहिल्या दोन वर्षांत झाली पाहिजेत. प्रत्येक मोठ्या ओढ्याच्या मुखाशी दरमहा नमुना घ्यावा आणि त्याचा निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि वृत्तपत्रांत, सर्वांना कळेल अशा मराठीत, छापावा.

पैशाचा प्रश्न उपस्थित होईल. पुण्यातल्या घरटी पाणीपट्टीत महिना दहा रुपयांची भर घातली, तर दर एक लाख घरांमागे वर्षाला एक कोटी वीस लाख रुपये उभे राहतात. घरात शुद्धीकरण यंत्राचा फिल्टर बदलायला आम्ही याच्या अनेक पट खर्च करतो. ही रक्कम महापालिकेच्या सर्वसाधारण तिजोरीत न जाता थेट पाणलोटाच्या स्वतंत्र निधीत जायला हवी, अन्यथा ती रस्त्यांच्या डांबरात केव्हा मिसळली हे कळणारही नाही.

आणखी एक कार्यालय कशाला, असेही काही जण म्हणतील. त्यांना मी एवढेच सांगेन की कायद्याने ही वाट अर्धी चालून ठेवलेली आहे. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पेयजल आणि पाणलोट विकास हे दोन्ही विषय पंचायतींकडे देता येतील असे १९९२ च्या घटनादुरुस्तीने ठरवले. महाराष्ट्राने २००५ मध्ये सिंचनाच्या पाण्यासाठी शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांना कायदेशीर अधिकार दिले. भूजल अधिनियम, २००९ मध्ये पाणलोट पातळीवर समिती नेमण्याची तरतूद आहे. कालव्याच्या पाण्यासाठी लाभधारकांची संस्था चालते, विहिरीच्या पाण्यासाठी समिती चालते, मग लाखो लोक ज्या जलाशयाचे पाणी पितात त्याच्या काठासाठी स्थानिक संस्था का चालू नये?

वरच्या गावांचे देणे तर याहून जुने आहे. धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण आमच्या आजोळच्या माणसांनी पुस्तकात वाचलेली नाही. एप्रिल-मे महिन्यांत वाड्यावस्त्यांवरच्या बायका आजही डोक्यावर हंडे घेऊन चढ चढतात आणि खाली अथांग पाणी पसरलेले असते. ज्यांनी जमिनी दिल्या, ज्यांच्या मुलांनी पोटासाठी रस्त्याकडेला चहाची टपरी किंवा खोल्या भाड्याने देण्याचा धंदा सुरू केला, त्यांना उद्या प्रदूषण करणारे म्हणून नोटिसा धाडणे आणि मोठ्या प्रकल्पांना सोडून देणे, असे होणार असेल तर त्या प्राधिकरणाला मीच विरोध करीन. मोसी खोऱ्यात, वरसगावच्या काठावर, लवासा हे एक संपूर्ण खासगी गिरिस्थान नगर उभे राहताना आपण पाहिले; त्याला २००८ मध्ये स्वतःसाठी विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जाही मिळाला होता, जो पुढे २०१७ मध्ये काढून घेण्यात आला. एका खासगी नगरासाठी प्राधिकरण सुचू शकते, तर ज्या पाण्यावर ते नगर आणि हे शहर दोन्ही जगतात त्याच्यासाठी ते सुचायला हरकत नसावी.

कालवा सल्लागार समितीच्या येत्या बैठकीत टीएमसीच्या तक्त्याशेजारी ओढ्यांच्या पाण्याचा प्रयोगशाळेचा अहवाल ठेवला जावा, पाणलोटातल्या सरपंचांना त्या बैठकीचे निमंत्रण जावे आणि प्राधिकरणाचा विषय कार्यसूचीवर घेतला जावा, अशी आपल्या वृत्तपत्रामार्फत पालकमंत्र्यांना माझी विनंती आहे. त्या ओढ्यातला पाइप मी हे पत्र लिहीपर्यंत जागेवरच आहे. माझ्या अर्जांच्या पोचपावत्यांच्या आणि आलेल्या उत्तरांच्या छायाप्रती पत्रासोबत जोडल्या आहेत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
सिंहगड रस्ता, पुणे